सर्व्हर भाड्याचा चालेल, चावी आपलीच हवी

आपल्या वस्त्यांमधून आता पहिल्या पिढीतले उद्योजक उभे राहत आहेत. कुणी पुस्तकांचं वितरण करतं, कुणी कॅलेंडर, झेंडे आणि मूर्ती विकतं, कुणाचा छपाईचा व्यवसाय आहे, तर कुणी अभ्यासिका आणि क्लास चालवतं. त्यांचे कर्जाचे प्रस्ताव भरून द्यायचं काम माझ्याकडे वारंवार येतं. प्रस्तावाला जोडलेल्या कोटेशनमध्ये अलीकडे एक ओळ हमखास असते ती ‘सर्व्हर’ची. त्या ओळीपुढचा आकडा कधी साठ हजारांचा असतो, कधी लाखाच्या वर जातो. मुद्रा योजनेत शिशू गटाच्या कर्जाची मर्यादाच ५०,००० रुपये आहे. म्हणजे माल भरायच्या आधी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी, अख्ख्या शिशू कर्जापेक्षा जास्त रक्कम एका लोखंडी डब्यात अडकते. मग हप्ता सुरू होतो आणि डबा कोपऱ्यात धूळ खातो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. छोट्या धंद्याला सुरुवातीला सर्व्हर विकत घ्यायची गरज जवळजवळ कधीच नसते. महिन्याला सहा-सातशे रुपयांच्या भाड्याच्या सर्व्हरवर बहुतेकांचं काम आरामात चालतं. मात्र त्या सर्व्हरची, वेबसाइटच्या नावाची आणि माहितीची चावी धंद्याच्या मालकाच्या हातात असायला हवी. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. मशीन विकत घेतलं जातं आणि चावी एजंटकडे राहते.

फुकटचा सल्ला कुणाला मिळतो?

ज्याचा मामा आयटी कंपनीत आहे, त्याला हा सल्ला चहाच्या कपावर फुकट मिळतो. ‘एवढं कशाला घेतोस, छोटा व्हीपीएस घे, पुढचं पुढे बघू,’ एवढ्या एका वाक्यात त्याचे ऐंशी हजार वाचतात. ज्याच्या घरात, नात्यात, वस्तीत असा मामाच नाही, तो कोटेशन आणणाऱ्या माणसालाच सल्ला विचारतो. विकणाराच सल्लागार असेल तर सल्ला काय मिळणार, हे सांगायला नको. बोर्द्यूने ज्याला सामाजिक भांडवल म्हटलं, ते व्यवहारात असं दिसतं. ओळखी नसलेल्या माणसाला तीच वस्तू महाग पडते. बँकेचं व्याज दोघांना सारखं असेल, पण अज्ञानाचा कर एकालाच भरावा लागतो.

या कराची वसुली शब्दांच्या धाकावर होते. ‘एंटरप्राइज ग्रेड’, ‘रॅक माउंट’, ‘सीएएल लायसन्स’ असे शब्द ऐकले की समोरचा गप्प बसतो. म्हणून आधी हा धाक मोडू.

सर्व्हर म्हणजे सतत चालू राहणारा आणि दुसऱ्या संगणकांनी मागितलेली माहिती देणारा संगणक. जगातला पहिला वेब सर्व्हर जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर होता. तो टेबलावर ठेवायचा नेक्स्ट कंपनीचा संगणक होता. ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. त्या चिठ्ठीतच सर्व्हरची व्याख्या आली आहे. बाकीचा फरक क्षमतेचा आणि भरवशाचा.

आधी काम वेगळं करा

कोटेशन मागण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हा सर्व्हर दुकानातल्या माणसांसाठी हवा आहे, की बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी? या दोन कामांची खिचडी झाली की खर्च दुप्पट होतो.

दुकानाच्या आतलं काम म्हणजे बिलिंग, टॅलीचा हिशेब, डिझाइनच्या फाइली, एकच प्रिंटर सगळ्यांनी वापरणं. इथे इंटरनेट गेलं तरी बिल फाटलं पाहिजे, म्हणून हे मशीन दुकानातच असलेलं बरं. पण त्यासाठी टॉवर सर्व्हर लागत नाही. चार-पाच संगणकांमध्ये टॅलीचा डेटा वाटून वापरायला टॅलीचं मल्टी-यूजर लायसन्स लागतं. तो डेटा ठेवायला त्यातलाच एक साधा, बऱ्या स्थितीतला संगणक पुरतो. विंडोज सर्व्हरचं वेगळं लायसन्स, त्यावर माणशी सीएएल, आणि एकाच मशीनसाठी लोखंडी रॅक या तिन्ही ओळी कोटेशनमधून खुशाल खोडा. नुसत्या फाइली ठेवायच्या असतील तर जुना लॅपटॉपही चालतो. लाइट गेली तर त्याची बॅटरीच थोडा वेळ सांभाळून घेते. फक्त ती बॅटरी फुगलेली नाही ना, हे अधूनमधून बघा.

बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठीचं काम म्हणजे वेबसाइट, ऑनलाइन ऑर्डर, धंद्याच्या नावाचा ईमेल. हे मात्र दुकानातल्या मशीनवर ठेवू नका. कारण साधं आहे. लाइट किंवा इंटरनेट गेलं की दुकान जगासाठी बंद. शिवाय अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या मशीनपर्यंत पोहोचताच येत नाही. स्थिर आयपीसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

आता विजेचा हिशेब करू, कारण कोटेशनमध्ये तो कधीच नसतो. जुना टॉवर सर्व्हर सरासरी १२० वॅट खातो असं धरा. २४ तास, ३० दिवस म्हणजे ८६ युनिट. व्यावसायिक दर सगळे आकार धरून युनिटला १० रुपये मानला तर महिन्याला ८६० रुपये. तुमच्या बिलावरचा दर घालून हा आकडा पुन्हा काढा. दुसऱ्या बाजूला, एक जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर साधारण ६ डॉलरला मिळतो. डॉलर ९० रुपये धरला तर ५४०, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ६३७ रुपये. म्हणजे विकत घेतलेल्या मशीनची नुसती वीज भाड्याच्या सर्व्हरपेक्षा महाग पडते. मशीनची किंमत, यूपीएस, दोन-तीन वर्षांनी बदलायच्या बॅटऱ्या, वार्षिक देखभाल करार, उन्हाळ्यात पंखा की एसी हा प्रश्न, हे सगळं अजून बाजूलाच आहे. दुकानातल्या आतल्या कामासाठी १५ वॅटचा मिनी पीसी ठेवलात तर तोच विजेचा खर्च १०८ रुपयांवर येतो.

६ डिसेंबरची गर्दी आणि बाकीचे दिवस

‘पण गर्दी वाढली तर?’ एजंटचं हे हुकमी वाक्य. त्यालाही आकड्यांनीच उत्तर देऊ.

पुस्तकांचा धंदा घ्या. आपल्याकडे या धंद्याचं वर्ष सरळ नसतं. १४ एप्रिल, अशोक विजयादशमी आणि ६ डिसेंबर या तीन तारखांच्या आसपास दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांवर लोकांची झुंबड उडते. ऑनलाइन विक्रीही त्याच दिवसांत चढते. बाकी महिने शांत.

शांत दिवशी ५०० लोक वेबसाइटवर आले आणि प्रत्येकाने ६ पानं बघितली, तर ३,००० पानं होतात. दहा तासांत ती विभागली तर बारा सेकंदांत एक पान. एवढ्या कामाला आजचा सगळ्यात लहान सर्व्हरही जांभया देतो. सणाच्या दिवशी वीसपट, म्हणजे १०,००० लोक आले असं धरा. ६०,००० पानं, दहा तास, म्हणजे सेकंदाला दोनपेक्षाही कमी. संध्याकाळी एकदम तिप्पट गर्दी झाली तरी सेकंदाला पाच. तयार पान साठवून तेच पुन्हा द्यायची सोय, म्हणजे कॅशिंग, नीट लावली असेल तर एक-दोन जीबीचा सर्व्हर हे झेपवतो.

तरीही धाकधूक वाटत असेल तर भाड्याच्या सर्व्हरचा खरा फायदा इथेच आहे. त्या आठवड्यापुरती क्षमता चौपट करा आणि मग परत खाली आणा. भाडं चौपट झालं तरी सात दिवसांचा जादा खर्च जीएसटीसह साधारण साडेचारशे रुपये. विकत घेतलेला सर्व्हर तीन सणांसाठी मोठा घ्यावा लागतो आणि उरलेलं वर्ष रिकामा बसतो. एक खबरदारी घ्या. क्षमता वाढवताना रॅम आणि प्रोसेसरच वाढवा. डिस्क एकदा वाढवली की सहसा परत लहान करता येत नाही आणि मोठं भाडं कायमचं मागे लागतं.

मग नेमकं काय घ्यायचं?

फक्त माहितीची पाच-सात पानं आणि फोन नंबर दाखवायचा असेल तर शेअर्ड होस्टिंग पुरे. त्यात एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट दाटीवाटीने राहतात. देखभाल कंपनी करते, ही मोठी सोय. पण जाहिरातीतला दर बघून भुलू नका. तो बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी दर कितीतरी पट होतो. ‘अनलिमिटेड’ शब्दाखाली बारीक अक्षरांत फाइलींच्या संख्येची आणि प्रोसेसरच्या वापराची मर्यादा असते. ती वाचा.

ऑर्डरी, साठा, गिऱ्हाइकांची खाती असं काम असेल तर छोटा व्हीपीएस घ्या. एका मोठ्या सर्व्हरचा ठरावीक भाग तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. त्यावर लिनक्स, मारियाडीबी, वर्डप्रेस, वूकॉमर्स टाकता येतं. हे सगळं मुक्त सॉफ्टवेअर आहे, लायसन्सचा एक रुपया लागत नाही. वेबसाइटला कुलूप दाखवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून फुकट देते. ‘एसएसएलचे पाच हजार’ मागणाऱ्याला हे नाव सांगून बघा.

अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल यांचा मोठा क्लाउड आत्ता नको. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपलं केंद्र उघडलं. सेवा उत्तम आहे, पण बिल मीटरवर येतं. सर्व्हरचं वेगळं, डिस्कचं वेगळं, बाहेर जाणाऱ्या डेटाचं वेगळं. फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन सार्वजनिक आयपी पत्त्याचेही तासाला पैसे लावते, ते महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर जातात. ज्याचं महिन्याचं उत्पन्नच अनिश्चित आहे, त्याने ठरलेल्या भाड्याचाच करार करावा.

दोन व्यवहारी गोष्टी आणखी. सर्व्हर मुंबई किंवा बंगळुरूचा निवडा. जर्मनीतला थोडा स्वस्त पडतो, पण प्रत्येक क्लिक समुद्रापार जाऊन येतं. आणि शक्यतो रुपयांत बिल देणारी, यूपीआय घेणारी कंपनी बघा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पेमेंटचे नियम कडक झाले आहेत. परदेशी कंपनीचं बिल कार्डातून कापलंच जाईल याचा भरवसा नसतो, आणि बिल थकलं की सर्व्हर बंद पडतो. जीएसटी नोंदणी असेल तर पावतीवर स्वतःचा क्रमांक घालून घ्या, म्हणजे भरलेला १८ टक्के कर वजा मिळतो. कंपोझिशन योजनेत असाल तर ही वजावट मिळत नाही. तो कर खर्चातच धरा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. ‘भाड्याचं कशाला? आपलं स्वतःचं असलं पाहिजे. कंपन्यांच्या दारात किती दिवस उभं राहायचं?’ या भावनेमागचा इतिहास मला कळतो. ज्यांना पिढ्यानपिढ्या जमीनच मिळाली नाही, त्यांना मालकीचं मोल शिकवावं लागत नाही. पण इथे मालकी कशाची, हे नीट बघितलं पाहिजे. शेतजमीन टिकते. सर्व्हरचं यंत्र पाच-सात वर्षांत भंगार होतं. टिकणाऱ्या गोष्टी तीन आहेत: वेबसाइटचं नाव, गिऱ्हाइकांची आणि हिशेबाची माहिती, आणि हे सगळं उचलून दुसरीकडे मांडायची क्षमता. मुक्त सॉफ्टवेअरवर उभं केलेलं दुकान एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे एका दिवसात हलवता येतं. हलता येणं हेच भाडेकरूचं बळ आहे. यंत्र तुमचं, पण पासवर्ड फक्त एजंटला माहीत, अशा अवस्थेला मालकी म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे ‘व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम फुकट आहेत, सर्व्हर हवाच कशाला?’ धंदा अगदी सुरू होत असेल तर हे बरोबर आहे. पहिली ५० गिऱ्हाइकं तिथूनच मिळवा, आणि सर्व्हरवर तोपर्यंत रुपयाही घालू नका. पण तिथे तुमचं खातं कधीही बंद होऊ शकतं आणि दाद मागायला समोर माणूस नसतो. म्हणून गिऱ्हाइकांची यादी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वहीत किंवा फाइलमध्ये ठेवा, आणि ती गिऱ्हाइकांना विचारून ठेवा.

चावी म्हणजे काय?

या पाच गोष्टी मालकाच्या हातात आहेत का, ते आजच तपासा.

१. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर नोंदलेलं आहे का? ते एजंटच्या नावावर असेल तर तुमचा बोर्ड दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

२. होस्टिंग कंपनीचं खातं तुमचं आहे का? एजंटला वेगळा लॉगिन द्या, मुख्य खातं देऊ नका.

३. या दोन्ही खात्यांना मोबाइलवर येणारी दुसरी पडताळणी लावली आहे का, आणि तो मोबाइल नंबर तुमचाच आहे का?

४. बॅकअप कुठे आहे? मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच ठिकाणी होता, त्यांचं दोन्ही गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होऊ शकतं. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आठवड्यातून एकदा घरच्या हार्ड डिस्कवर उतरवलेली प्रतही चालेल. आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून दुकान खरंच परत उभं राहतं का, हे करून बघा.

५. सर्व्हर सोडायचा झाला तर कसा सोडायचा, हे माहीत आहे का? बऱ्याच कंपन्यांकडे सर्व्हर नुसता बंद ठेवला तरी भाडं चालू राहतं. तो खात्यातून काढून टाकल्यावरच थांबतं.

यात कायद्याचाही प्रश्न आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पुस्तकाच्या दुकानाला कुणी २५० कोटी मागणार नाही, पण एक गोष्ट पक्की आहे. माहिती गोळा करणारा तुम्ही आहात, म्हणून जबाबदारी तुमची. ‘एजंट बघत होता’ हे उत्तर चालणार नाही. त्यामुळे गरज नसलेली माहिती मागूच नका. पुस्तक पाठवायला नाव, पत्ता आणि फोन पुरतो. जन्मतारीख आणि आधार कशाला? आपल्या समाजातल्या माणसांची नावं, पत्ते आणि ते कोणती पुस्तकं वाचतात ही यादी चुकीच्या हातात पडली तर काय होऊ शकतं, हे कार्यकर्त्यांना वेगळं सांगायला नको.

सांभाळणाऱ्याचे पैसे

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड मुद्दा. भाड्याचा सर्व्हर स्वस्त आहे, पण तो कुणीतरी सांभाळावा लागतो. दर आठवड्याला अपडेट, बॅकअप, सुरक्षेची नजर. सहाशे रुपयांच्या सर्व्हरचा खरा खर्च या माणसाच्या वेळात आहे.

चळवळीत यावर एक सोपा तोडगा निघतो. कुणीतरी बीसीए झालेला पोरगा पकडायचा आणि ‘समाजाचं काम आहे’ म्हणून त्याच्याकडून फुकट करून घ्यायचं. तो वर्षभर राबतो, मग त्याला पुण्यात नोकरी लागते, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो आणि वेबसाइट मरते. मग सगळे त्यालाच नावं ठेवतात. दुसऱ्यांनी आपल्याकडून वेठ करून घेतली तर आपण लढतो. आपल्यातल्याच शिकलेल्या पोरांच्या वेळेची किंमत शून्य धरणं मात्र आपल्याला खटकत नाही. हे थांबलं पाहिजे.

दहा छोट्या व्यावसायिकांनी मिळून एक माणूस ठेवावा. प्रत्येकी महिन्याला ५०० रुपये दिले तरी ५,००० होतात. आठवड्याच्या काही तासांच्या कामाचा हा मोबदला आहे, उपकार नव्हे. पैसे वाचवायला दहा जणांची दुकानं एकाच सर्व्हरवर कोंबू नका. एकाचं कुलूप फुटलं तर दहांचं फुटतं. सर्व्हर आणि खाती वेगवेगळी, सांभाळणारा एक. कामाची यादी आणि पासवर्ड कुणाकडे आहेत याची नोंद लेखी ठेवा, म्हणजे माणूस बदलला तरी काम थांबणार नाही.

आणि तुमच्यातल्या ज्यांनी बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर केलं आहे आणि एमपीएससीच्या निकालाची वाट बघत अभ्यासिकेत बसला आहात, त्यांना थेट सांगतो. लिनक्सचा सर्व्हर उभा करणं आणि सांभाळणं शिकायला महागडा कोर्स लागत नाही. जुना लॅपटॉप आणि काही महिने चिकाटी लागते. अडचण एवढीच की बहुतेक लिखाण इंग्रजीत आहे. शिकलेलं मराठीत लिहून ठेवा. तालुक्यात असा एक माणूस तयार झाला, तर त्या तालुक्यातल्या आपल्या उद्योजकांना तो मामा मिळेल, जो आजवर दुसऱ्यांच्याच घरात होता.

उद्या एखादं कोटेशन समोर आलं तर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे काम दुकानाच्या आतलं की बाहेरचं? हेच भाड्याने घेतलं तर महिन्याला किती? आणि उद्या तुम्ही नसलात तर चावी कुणाकडे? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर कोटेशन परत करा.

जय भीम!